दोन फोडण्यांचा कुकर

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणार नाही. जुनी छत्री, जुनं घड्याळ, फाटकं पुस्तक यांनी आपापल्या कहाण्या सांगून तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं असेल. मला ते जमत नाही. माझ्या अंगात वाफ आहे. ती कोंडली की मी ओरडतो, आणि माझं ओरडणं चौथ्या मजल्यावरून खालच्या वॉचमनलाही ऐकू जातं. ज्याला ऐकायचं नसेल त्याने कानांत बोटं घालावीत.

माझा जन्म सिल्वासाजवळच्या गलोंड्यात, एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची एक गोल चकती प्रेसखाली गेली, दणके खाल्ले आणि भांडं होऊन बाहेर आली. तोच मी. पुढे मला घासून चकाकी आणली, हँडल बसवलं, झाकण दिलं, झाकणावर शिटी दिली. मी ज्या घरात राहतो तिथली माणसं सगळी बाहेरून आलेली. उदय खानदेशातल्या अमळनेरचा, अरुणा केळव्याच्या समुद्रकाठची. इथला मूळ रहिवासी मी एकटाच, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही.

या दोघांची गाठ माझ्यामुळेच पडली. उदय प्रेसवर सुपरवायझर होता आणि अरुणा क्वालिटीत. तपासणीच्या टेबलावर तिने मला ठेवलं, बोटाने ढकललं, आणि मी जरा डुललो. तिने लाल खडू उचलला.

"तळाला बाक आहे. रिजेक्ट."

"मॅडम, बसतो ना तो. जरा दाबून बघा," उदय म्हणाला.

"गॅसवर काय बाई दाबून धरून उभी राहणार आहे का?"

"एवढ्याशा बाकाने काय होतं? वरण काय तिरपं शिजतं का?"

बराच वेळ दोघं माझ्यावरून भांडले. मी हरलो, उदयही हरला. पण रिजेक्ट माल कामगारांना घ्यायची मुभा होती, तेव्हा संध्याकाळी त्याने मला उचललं आणि आपल्या खोलीवर नेलं. पुढे ते दोघं रोज कशा ना कशावरून भांडू लागले, आणि भांडता भांडता त्यांचं लग्न झालं. जिने मला नापास केलं होतं तिच्याच स्वयंपाकघरात मी कायमचा राहायला गेलो. अरुणा मला पाहून हसली होती. मी मनात म्हटलं, हस बाई, उद्यापासून तुझं जेवण माझ्याच पोटात शिजणार आहे.

आणि मित्रांनो, मी शिजवलं. जुई जन्मली तेव्हा तिची पेज मी शिजवली. तिचे बटाटे, तिचे राजमे, तिच्या शाळेच्या डब्यातले छोले, सगळं मीच. जुई घरी होती तोवर 'आज काय करायचं?' या प्रश्नाला एकच उत्तर होतं, जुईला काय हवं ते. उदयला शेवभाजी, ठेचा, कळण्याची भाकरी हवी असायची. त्याच्या लेखी भात हे आजारी माणसाचं जेवण. अरुणाला वालाचं बिरडं, ओल्या नारळाची आमटी, आमसूल, गुळाचा खडा, आणि भात नसेल तर ती जेवलीच नाही असं तिला वाटायचं. जुई दोन्ही खायची आणि वर पिझ्झाही मागायची. अमळनेरहून उदयची आई तयार काळा मसाला पाठवायची, अरुणा तो चमचाभर टाकायची, आणि ज्याचं त्याचं भागायचं.

पुढे आजींचं वय झालं, मसाला यायचा बंद झाला. तो कारखानाही बंद झाला. उदय नरोलीच्या एका प्लास्टिक कंपनीत लागला, अरुणा एका पॅकिंगच्या युनिटमध्ये पुन्हा क्वालिटीतच लागली. आणि मागच्या जूनमध्ये जुई शिकायला नाशिकला गेली.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर तयार बसलो होतो. अरुणा म्हणाली, "काय करू आज?"

"तुला काय हवं ते कर."

"मला काहीही चालेल. तुला काय हवं?"

"मला पण काहीही चालेल."

काहीही म्हणजे खिचडी. दोघांनाही खिचडी आवडत नाही. तरी आठवडाभर मी खिचडी शिजवली. तिला कसली चव ते तिलाच माहीत. दोघं एकमेकांना "छान झालीय" म्हणत आणि अर्धी तशीच उरे. ज्या माणसांनी एका बाकावरून टेबल दणाणून सोडलं होतं, ती आता ताटासमोर पाहुण्यांसारखी बसायची. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

मग त्यांनी वार वाटून घेतले. एक दिवस उदयच्या आवडीचं, एक दिवस अरुणाच्या. इथपर्यंत ठीक होतं. पण दोघंही पडले कारखान्यातले, काम सारखं वाटून घेण्याची सवय. म्हणून त्यात एक नियम घातला. ज्याचा वार त्याने बसून खायचं, स्वयंपाक दुसऱ्याने करायचा. म्हणजे उदयची शेवभाजी अरुणा करणार आणि अरुणाची आमटी उदय करणार. असला कारभार या दोघांनाच सुचू शकतो.

आता विचार करा. जे आपण कधी मनापासून खाल्लं नाही, ते चाखून कसं बघणार? उदयने आमटीसाठी माझ्यात डाळ लावली. डाळ मी उत्तम शिजवली, माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण पुढे त्याने तिच्यात गूळ घातला. थोडा घातला, थांबला, 'तिला गोड आवडतं' असं पुटपुटला आणि अख्खी ढेप फोडल्यागत आणखी घातला. अरुणाने पहिला घास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी ओट्यावरून पाहिलं. "मस्त झालीय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शेवभाजी केली. उदयला तिखट लागतं एवढंच तिला माहीत, म्हणून तिने तिखटाचा डबा हात आखडता न घेता रिकामा केला. उदयच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. "एकदम आमच्याकडची," तो म्हणाला.

थापा! दोघांच्याही शुद्ध थापा, आणि तरीही दोघांनी ते वार आणि तो नियम महिनोन्‌महिने पाळले. हळूहळू उदय उशिरा येऊ लागला. नरोली नाक्यावर खानदेशी पोरांसाठी एक गाडी लागते, तिथे तो शेवभाजी-पाव खाऊन यायचा आणि दारातच म्हणायचा, "आज भूक नाही गं फारशी." अरुणा त्याच्याआधी घरी यायची, फ्रिजचं दार उघडून उभ्या उभ्या दहीभात खायची, भांडं धुऊन पालथं घालायची आणि म्हणायची, "मलाही नाही रे." मग दोघं ताटावर बसून चिमणीएवढं जेवायची. मी शिजवलेली डाळ सकाळी कचऱ्यात जायची. तुम्ही केलेला गृहपाठ कुणी न वाचताच फाडून टाकला तर कसं वाटेल? तसंच.

शेवटी दिवाळीनंतर डबा लावला. शिरपूरची अलका नावाची एक बाई नरोलीत कामगार पोरांची खानावळ चालवते, तिच्याकडून दोन डबे यायचे. लाल झाकणाचा तिखट, पांढऱ्या झाकणाचा फिका. अलकाच्या हाताला चव होती, तिला मी नाव ठेवणार नाही. पण लाल झाकण टीव्हीसमोर उघडायचं आणि पांढरं झाकण ओट्यापाशी. दोन खोल्यांत दोन माणसं जेवायची. मला धुऊन, पुसून वरच्या फळीवर चढवलं. माझी रबराची रिंग झाकणात वाळत राहिली. शेजारी इस्त्री आणि जुईचे जुने बूट.

बरं, एवढ्यावरही थांबले नाहीत. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात जुना कुकर द्या आणि नवं मायक्रोवेव्ह सवलतीत न्या, अशी योजना निघाली. डबे गरम करायला मायक्रोवेव्ह बरं पडेल म्हणून अरुणाने मला फळीवरून उतरवलं आणि कापडी पिशवीत घालून दारापाशी ठेवलं. त्याच आठवड्यात उदय जेवताना टीव्हीकडे बघत म्हणाला, "कंपनीत विचारताहेत, कायमची दुसरी पाळी घेणार का म्हणून. होळीनंतर सांगायचंय."

दुसरी पाळी म्हणजे दुपारी जायचं आणि अरुणा झोपल्यावर परतायचं. म्हणजे संध्याकाळ संपली. दोन खोल्यांत का होईना, एका घरात एका वेळी जेवणं होत होती, तीही संपणार.

अरुणा ओट्यापाशी घास हातात धरून बसली होती. तिला "नको घेऊस" म्हणायचं होतं. मी तिला ओळखतो, तिच्या तोंडावर आलं होतं ते. पण ती म्हणाली, "तुला बरं पडत असेल तर घे."

पिशवीतून ओरडता येत नाही, मित्रांनो. नाहीतर त्या दिवशी मी छप्पर उडवलं असतं.

होळीला आमचं सिल्वासा ओस पडतं. आदिवासी कामगार सुरंगीकडे, खानवेलकडे आपापल्या पाड्यांवर जातात, खानदेशी पोरं गाडी भरून गावी जातात, कारखाने थंडावतात. अलकाही शिरपूरला गेली. डबा बंद. भांड्यांचं दुकान बंद, म्हणून मी अजून दारापाशीच. उदय कंपनीत देखभालीच्या कामावर गेला होता, तो परतताना नाक्यावर थांबला तर तिथे खाण्याची एकही गाडी नाही. अरुणाने घरी येऊन फ्रिज उघडला तर दही संपलेलं. कितीतरी महिन्यांनी ती दोघं एका वेळी, एका घरात, उपाशी होती.

उदय दारातून आत आला. तोंड उघडलं, पण नेहमीचं वाक्य काही बाहेर पडेना.

"काहीतरी टाकूया का?" अरुणा म्हणाली. "नुसतं वरण?"

"टाक."

तिने पिशवीतून मला काढलं. तूरडाळ धुतली, हळद-हिंग घातला, माझ्या पोटात खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा. झाकण लावलं, गॅस पेटवला. आणि मी ठरवलं, नाही शिजवणार. एवढे महिने फळीवर टाकलं, पिशवीत कोंबलं, आता भूक लागल्यावर माझी आठवण झाली काय? मी झाकणाच्या कडेने फुस्स करून वाफ सोडत बसलो. पाणी बाहेर, फेस बाहेर, शिटीचा पत्ता नाही.

"रिंग वाळलीय," अरुणा म्हणाली.

"रिंगला काय धाड भरली? झाकण तिरपं लावलं तू."

"मी तिरपं लावलं? मी?"

"मंग काय मी लावलं?"

"उदय, मी आयुष्यभर झाकणंच तपासत आलेय!"

"अन् मी काय कंपनीत झाडू मारत होतो का? ही झाकणं माझ्याच प्रेसमधून निघायची!"

मी चपापलो. असा आवाज या घरात कितीतरी दिवसांनी निघाला होता. अरुणाने गॅस बंद केला, माझी वाफ जिरू दिली, रिंग ओढून काढली आणि बर्फाच्या पाण्यात टाकली. उदय म्हणत होता की उलटी करून बसव. दोघंही माझ्यावर वाकले होते.

"थांब ना जरा. एवढी घाई आहे तर जा नाक्यावर," ती म्हणाली.

त्याने माझं झाकण उचलून उगाच उजेडात धरलं.

"मला माहीत नाही असं वाटतं तुला? रोज शर्टाला शेवभाजीचा वास येतो."

"अन् तू? फ्रिजपाशी उभी राहून दहीभात खाई घेते. भांडं धुते, चमचा तिथेच राहतो."

"मग काय करू? तुझी ती आमटी! त्यात गूळ किती घालतोस तू? माझ्या आईने वर्षभरात तेवढा वापरला नसेल."

"तूच तर म्हणाली मस्त झाली!"

"तू एवढा घाम गाळून करतोस, मग काय म्हणू?"

"अन् तुझी शेवभाजी म्हणजे निव्वळ तिखटाचं पाणी. कांदा भाजावा लागतो, खोबरं भाजावं लागतं, मंग त्याले चव येते."

अरुणा थबकली. "खोबरं? तुमच्या त्या भाजीत खोबरं असतं?"

"असतंच ना. सुकं. पार काळं होईस्तोवर भाजतात. आईच्या मसाल्यात काय असायचं मग?"

"आणि मी इतकी वर्षं तुझ्यासमोर खोबरं किसतेय, तर तू नाक मुरडतोस!"

"ते ओलं असतं!"

"खोबरं ते खोबरं!"

तिने रिंग पाण्यातून काढली, उलटी करून बसवली. दोघांचंही म्हणणं राहिलं. झाकण लावलं, गॅस पुन्हा पेटवला. मी अजून रुसलेलाच होतो. मग ती माझ्याकडे पाठ करून त्याला म्हणाली, "म्हणून दुसरी पाळी घेतोयस?"

उदय ओट्यावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण उगाच फिरवत राहिला. "तुला रोज खोटं खोटं छान म्हणावं लागतं. माझ्याने बघवत नाही ते. मी नसलो तर निदान तू सुखाने दहीभात तरी खाशील, असं वाटलं."

"वेडा आहेस तू," अरुणा म्हणाली. "मला एकटीला बसून नाही खायचंय. मला भूक लागलीय, उदय. खूप भूक लागलीय."

"मले पन," तो म्हणाला. घरात एरवी न बोलली जाणारी त्याची गावची बोली भांडता भांडता डोकावत होती, ती आता आपसूक बाहेर आली.

तेव्हा मी शिटी दिली. अशी दिली की दोघंही दचकले. रिंग ओली झाली म्हणून कुकर वाजला, असं उदय आजही सांगतो. सांगू दे. मी का वाजलो ते मला माहीत आहे.

झाकण उघडल्यावर दोघं माझ्यात डोकावले. पिवळीधमक, मऊ डाळ. मित्रांनो, शिजून निघालेली डाळ कुणाच्याच गावची नसते. फोडणी पडते तेव्हा ती अमळनेरची होते नाहीतर केळव्याची. एवढी साधी गोष्ट, पण कारखान्यातल्या दोन हुशार माणसांना ती उपाशी पोटीच दिसली. अरुणाने अर्धी डाळ एका पातेल्यात ओतली, अर्धी दुसऱ्यात. तिने आपल्यासाठी आमसूल, गुळाचा लहानसा खडा आणि ओलं खोबरं घातलं. उदयने शेजारच्या शेगडीवर सुकं खोबरं आणि कांदा काळा केला, लसूण ठेचला, लाल मिरच्या तेलात टाकल्या. घरभर ठसका उठला. शिंकत, खोकत, एकमेकांना ढकलत दोघं एकाच ओट्यावर आपापला स्वयंपाक आपल्या हाताने करत होते. दुसऱ्याचं मन राखायला नाही, स्वतःच्या भुकेसाठी. मग एका टेबलावर बसून जेवले. भात संपला, डाळ संपली, आणि उदयने अरुणाच्या पातेल्यातलं उरलेलंही बोटाने पुसून खाल्लं. अरुणा बघत होती.

होळीनंतर दुकान उघडलं. अरुणा मला घेऊन गेली खरी. दुकानदार मला उलटापालटा करून म्हणाला, "बेन, आ तो बहु जूनो थई गयो. एक्सचेंजमां आपी दो."

"कुकर नाही द्यायचा, भाई. नुसती रिंग दाखवा. दोन द्या," अरुणा म्हणाली.

त्याच संध्याकाळी कंपनीतून उदयला फोन आला. तो ओट्यापाशी लसूण सोलत होता आणि मी गॅसवर होतो.

"नहीं साहब, मेरी जनरल शिफ्ट ही रहने दो," तो म्हणाला. "शाम को घर पे खाना होता है." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नहीं नहीं, कोई प्रोग्राम नहीं है. रोज का ही है."

अरुणा कांदा चिरता चिरता डोळे पुसत होती. कांदा काही एवढा तिखट नव्हता.

आता शेवटी विनवणी करायची पद्धत आहे म्हणे. मी विनवणी करत नाही, ताकीद देतो. तुमच्या घरच्या कुकरची रिंग धुऊन ठेवत जा, शिटीच्या भोकात अडकलेली डाळ काढत जा, आणि म्हाताऱ्या भांड्याला पिशवीत भरण्याआधी त्याने कुणाकुणाला जेवू घातलंय ते आठवा. आणि हो, तुमच्या घरात कुणी ताटावर बसून रोज रोज "मला भूक नाही" म्हणत असेल, तर खुशाल मान डोलवून ताट उचलू नका. त्याला विचारा. नाही सांगितलं तर भांडा. मोठ्याने भांडा. आवाज कमी पडला तर मला गॅसवर चढवा.